प्रस्तावना : कोऱ्या शीटसमोर

१९७७ साली अमेरिकेत 'ट्रॅव्हलर' नावाचा अंतराळ-साहसांचा खेळ बाजारात आला. मार्क मिलर यांच्या या खेळातला एक नियम आजही खेळाडूंच्या गप्पांत निघतोच निघतो : इथे तुमचं पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकतं. अठरा वर्षांचं पात्र घ्यायचं. दोन-दोन फासे टाकून त्याची ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शिक्षण आणि समाजातलं स्थान ठरवायचं आणि त्याला नोकरीला लावायचं. नौदल, मरीन, लष्कर, स्काउट, व्यापारी जहाजं, आणि यातलं काहीच नको असेल तर 'इतर'. नोकरी मोजायची चार-चार वर्षांच्या हप्त्यांत, आणि दर हप्त्याला एक प्रश्न ठरलेला : गडी जगला का? स्काउटला जगण्यासाठी दोन फाशांवर मिळून सात किंवा जास्त लागतात. काटकपणा चांगला असेल तर दोनाची सूट. नसेल तर छत्तीसपैकी पंधरा शक्यता मरणाच्या. म्हणजे दोन हप्ते काढून जिवंत परतणारा साधारण तिघांत एक. तरी लोक हट्टाने स्काउटच व्हायचे, कारण नोकरी सोडताना नशीब उघडलं तर वापरायला एक अख्खं छोटं यान मिळायचं. शिवाय आणखी चार वर्षं काढली तर आणखी एखादं कौशल्य पदरात पडतं. पण चौतिशीला म्हातारपणाचे फासे सुरू होतात आणि कमावलेली ताकद हातची जाऊ शकते. आता थांबावं, की अजून एक हप्ता ओढावा?

१९८१च्या आवृत्तीत मरणाऐवजी जखमी होऊन नोकरी सुटण्याचा पर्याय आला. मला विचाराल तर मूळ नियमच बरा. जीव धोक्यात घालून मिळवलेल्या यानाची मजा वेगळीच असते.

एवढं सगळं झाल्यावर कागदावर उरतं काय? सहा आकडे, चार-दोन कौशल्यं, हुद्दा, वय आणि थोडे पैसे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूवर मावेल एवढं. पात्र घडण्याची प्रक्रिया घटनांनी गच्च भरलेली आणि घडून आलेलं पात्र मात्र सुटसुटीत. खेळायला जोडीदार नसतानाही लोक घरी एकटे बसून 'ट्रॅव्हलर'ची पात्रं घडवतात ते उगीच नाही. ती प्रक्रिया हाच एक खेळ आहे.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं. 'खेळाडूंना पात्र घडवताना किती गुंतागुंत हवी असते?' हा वाद भूमिकाखेळांच्या जगात पन्नास वर्षं चालू आहे, आणि बहुतेक वेळा तो मिठासारखा चालतो : जरा जास्त, जरा कमी, चवीनुसार. हातातल्या या पुस्तकाच्या दोघा लेखकांनी तो तसा घेतलेला नाही. गुंतागुंत कुठे ठेवली आहे, असं ते विचारतात. टेबलावर बसण्याआधी? कागदावर? की प्रत्यक्ष खेळताना, दर चालीला? माझ्या मते हाच या पुस्तकाचा कणा आहे, आणि तेवढ्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो जग उभं करतो, त्यातली संकटं, दुकानदार, राक्षस, हवापाणी सगळं सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. 'मी दाराला लाथ घालते' असं कुणी म्हटलं, की दार मोडलं की पाय मुरगळला हे फासे ठरवतात. त्या फाशांना कुठला आकडा मदत करणार आणि कुठला नडणार, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद म्हणजे कॅरॅक्टर शीट. ती कोरी शीट पहिल्यांदा समोर आली की माणसाचा चेहरा कसा होतो, हे ज्याने चार नवख्यांना खेळायला बसवलं आहे त्याला सांगायला नको.

सुरुवातीला शीट म्हणण्यासारखं काही नव्हतंच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला तो तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात. दोघंही युद्धखेळांतून आलेले, सैनिकांच्या तुकड्या टेबलावर सरकवण्याची सवय असलेले. तुकडीऐवजी एकेकट्या माणसाला घेऊन खेळायचं, ही त्यांची नवी चाल. तीन फासे सहा वेळा टाकायचे, आकडे येतील त्याच क्रमाने लिहायचे, आणि लढवय्या, जादूगार, धर्मोपदेशक यांतला एक पेशा निवडायचा. चोर आला तो पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. मग पुन्हा तीन फासे, त्यांच्या दहापट सोन्याची नाणी, त्यातून तलवार, दोरी, मशाली. झालं पात्र तयार. पहिल्या पातळीच्या जादूगाराजवळ दिवसाला एकच मंत्र असायचा आणि एका बऱ्या फटक्यात तो आडवा व्हायचा. तो मेला की पाच-दहा मिनिटांत दुसरा उभा. पात्राचा स्वभाव, नावलौकिक, वैरी हे सगळं खेळता खेळता जमा व्हायचं. जे पात्र सहाव्या पातळीपर्यंत तगलं त्याला चरित्र आपोआप मिळालेलं असायचं.

इथे एक साधा हिशोब आहे, आणि नवीन गेम मास्टर तो हमखास विसरतात. पात्रं जिथे पटापट मरतात तिथे ती पटापट घडावी लागतात. उलट बाजूही तितकीच खरी. एखादीने तीन तास खपून पात्र बनवलं, त्याच्या आजोबांच्या भांडणापासून चार पानं लिहून आणली, तर पहिल्याच खड्ड्यात त्याला मारायला गेम मास्टरचा हात धजावत नाही. मग पडद्याआड टाकलेले फासे हळूच 'सुधारले' जातात. संकटं दिसायला भयंकर, पण चावत नाहीत. पात्रनिर्मितीचे नियम जड झाले की खेळातलं मरण स्वस्त राहत नाही. नियमपुस्तकात एक अक्षर न बदलता खेळाची जातकुळी बदलते. २०१२चा 'डंजन क्रॉल क्लासिक्स' हे ओळखून जाणूनबुजून मागे गेला. प्रत्येक खेळाडूने तीन-चार खेडूत घ्यायचे, कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या काखेत कोंबडी, आणि सगळ्यांना भुयारात लोटायचं. बाहेर जो येईल तो आपला नायक. या पद्धतीत नायक निवडून घेता येत नाही, हे काहींना अजिबात सहन होत नाही. त्यांचंही चूक नाही.

दरम्यान दुसरी एक धारा सुरू झाली होती. १९७८च्या 'रूनक्वेस्ट'ने पेशांची चौकट काढून टाकली आणि कौशल्यांना टक्के दिले. तीच यंत्रणा १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू'ने घेतली. 'क्थुल्हू'ची शीट पहिल्यांदा पाहणारा दचकतो. डझनांनी कौशल्यं, प्रत्येकापुढे आकडा. पण 'ग्रंथालयातला शोध ६०' याचा अर्थ शंभरात साठ वेळा जमेल; समजावून सांगायला काहीच नाही. कागद भरगच्च असला तरी डोक्याला ताप नाही. याउलट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आजच्या आवृत्तीत ताकद १६ लिहायची आणि खेळताना वापरायचा तो त्यातून निघणारा +३. मग सोळा लिहायचे कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि त्याला द्यायला 'परंपरा' याखेरीज चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून शीटवरच्या रकान्यांची संख्या मोजून गुंतागुंत ठरवू नये. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते मोजावं.

मग 'गर्प्स'. स्टीव्ह जॅक्सन यांचा हा खेळ १९८६चा. कुठल्याही काळातलं, कुठल्याही जगातलं पात्र एकाच पद्धतीने घडवता यावं, ही त्याची प्रतिज्ञा. पात्र घडवताना इथे फासे लागत नाहीत. मूळच्या नियमांत साधारण नायकाला शंभर पॉइंट मिळायचे; २००४च्या चौथ्या आवृत्तीत नमुना म्हणून धरलेला नायक दीडशेचा झाला. ताकद, कौशल्यं, श्रीमंती, ओळखीपाळखी, सगळ्याला किंमत. पॉइंट कमी पडले तर दोष घ्यायचे. तापट स्वभाव, एक डोळा अधू, मागे लागलेला शत्रू यांचे पॉइंट परत मिळतात, पण त्यालाही मर्यादा घालून दिलेली. आणि या सगळ्या जमाखर्चाच्या तळाशी पाच बारक्या लकबी : प्रत्येकीचा फक्त एक पॉइंट. चहा बशीतूनच पिणार, मांजर आडवं गेलं की थांबणार, असलं काहीतरी. गंमत म्हणजे तीस-तीस पॉइंट मोजून घेतलेलं कौशल्य आठवडेच्या आठवडे उपयोगी पडत नाही, आणि ही एका पॉइंटची लकब दर दहा मिनिटांनी टेबलावर दिसते. महिनाभरानंतर इतरांना ते पात्र आठवतं ते बशीतून चहा पिणारा म्हणून.

'गर्प्स' कुणाला आवडतो? माझ्या टेबलावर दोन माणसं आहेत. एक सॉफ्टवेअरवाला, सत्ताविशीतला. दुसऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी. मुलाबरोबर एकदा आल्या आणि मुलगा यायचा बंद झाला तरी येत राहिल्या. पॉइंटांचा ताळेबंद कोण घालत असेल ते तुम्ही मनाशी ठरवलं असेल, तर सांगतो : मावशी. वही आखून, पेन्सिलीने, खोडरबर जवळ ठेवून. शंभराचे शंभर जुळले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं त्यापुढे नंतरचं ड्रॅगन मारणं किरकोळ. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र दिवसभर कॉलम आणि कंडिशन बघून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच नको असतं. 'मला कुऱ्हाड द्या, बाकी बघू,' एवढीच त्याची मागणी. वय, शिक्षण, किती वर्षं खेळतोय, यांवरून कुणाला किती गुंतागुंत झेपेल हे ठरवू नये. त्या माणसाने आज दिवसभर डोकं कुठे खर्च केलं आहे, ते आधी विचारावं.

निवडी वाढल्या म्हणजे स्वातंत्र्य वाढतं, असा एक समज आहे. २००० साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने त्याची पुरेपूर परीक्षा घेतली. 'फीट' नावाची खास कसबं आली, पेशांची सरमिसळ करायची मोकळीक आली, आणि काही कसबं अशी की ती मिळवायला आधी दुसरी दोन-तीन हवीत. परिणाम असा, की पहिल्या पातळीचं पात्र घडवताना विसाव्या पातळीचा नकाशा आखावा लागे. आज चुकलात तर सहा महिन्यांनी कळणार. आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक मॉन्टी कुक यांनी पुढे एका लेखात उघडच मान्य केलं, की काही पर्याय मुद्दाम इतरांपेक्षा कमी उपयोगाचे होते. नियमांचा अभ्यास करणाऱ्याला त्याचं फळ मिळावं, हा हेतू. 'टफनेस' हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. नाव भारदस्त, मिळणार काय, तर अंगात तीन जादा प्राणांक. नवखा खेळाडू नावाला भुलून तेच घेई. असल्या रचनेबद्दल माझं मत चांगलं नाही. निवडीचा परिणाम निवडताना दिसत नसेल, तर ती निवड म्हणजे परीक्षेतला फसवा प्रश्न झाला. हे म्हणत असतानाच मान्य करायला हवं, की त्या आवृत्तीने एक अख्खी पिढी वेडी केली. प्रत्यक्ष खेळायला न मिळणारी मुलं रात्र-रात्र जागून 'बिल्ड' रचत बसायची. 'ट्रॅव्हलर'चे फासे एकट्याने टाकणाऱ्यांची ही पुढची पिढी. फरक इतकाच, की तिथे नशीब गोष्ट सांगत होतं आणि इथे गणित.

आता दुसरं टोक. २०१३ साली जॉन हार्पर यांनी 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानात बसवला. पात्राला आकडा एकच, दोन ते पाचमधला. मोठा असेल तर यंत्रं आणि तर्क यांत तुम्ही तरबेज, लहान असेल तर माणसं जिंकण्यात. एक शैली, एक काम, एक नाव, आणि यान सुटलं. याहून सोपं काय असणार? पण नियम थोडे म्हणजे काम सोपं, असं गणित प्रत्येक वेळी जुळत नाही. १९९२च्या 'ओव्हर द एज'मध्ये जोनाथन ट्वीट यांनी खेळाडूला जवळजवळ मोकळं रान दिलं : एक मुख्य गुण, दोन जोडीचे गुण आणि एक उणीव, सगळं आपल्या शब्दांत. मुरलेला खेळाडू यावर खूश होतो. नवख्याला 'काहीही लिहा' म्हटलं की त्याचं पेन अडतं. त्याला यादी द्या, तीनातलं एक निवडायला सांगा, तो लगेच बोलायला लागतो.

मेग आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने २०१०मध्ये हेच ओळखलं. तिथे प्रत्येक पात्रप्रकाराची घडीची पत्रिका असते, तिला प्लेबुक म्हणतात. नावांची यादी, डोळे कसे, कपडे कसे, आकड्यांचे तयार संच. खेळाडूने गोल करत जायचं. हे झरझर उरकतं. वेळ खातो तो शेवटचा भाग, आणि तो खावाच : सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांचा पूर्वेतिहास ठरवायचा. तुझ्यामुळे मी एकदा संकटात सापडलो होतो, तुझं एक गुपित मला माहीत आहे, यांसारखं. गुंतागुंत नाहीशी झालेली नाही. ती एका पात्राच्या आकड्यांतून उचलून दोन पात्रांच्या मध्ये ठेवली आहे. 'फेट' या खेळातही पात्राच्या पहिल्या साहसात बाकीचे खेळाडू येऊन जातात. अशा रीतीने घडलेली पात्रं पहिल्या सेशनला खानावळीत एकमेकांना 'आपण कोण?' विचारत बसत नाहीत, आणि गेम मास्टरचा अर्धा तास वाचतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीचं मोठं श्रेय मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. तिने एकाच टेबलावर वेगवेगळ्या मापाची गुंतागुंत नांदू दिली. लढवय्यांत 'चॅम्पियन' घेतला तर लक्षात ठेवायला जवळपास काही नाही. फाशावर विसाबरोबर एकोणीस आला तरी जबर घाव बसतो, बस. 'बॅटल मास्टर' घेतला तर डावपेचांची यादी हाताशी ठेवून दर चालीला विचार. जादूगार घेतला तर पहिल्याच दिवशी वहीत सहा मंत्र आणि वर तीन किरकोळ जादू. माझा कुऱ्हाडवाला आणि मावशी त्यामुळे शेजारी बसून खेळू शकतात. सोबतीला सॉफ्टवेअर आलं, २०१७पासून 'डी अँड डी बियाँड'; बटणं दाबत गेलं की शीट तयार. सोय मोठी आहे. पण आकडा कुठून आला हे मुलांना माहीत नसतं, आणि इंटरनेट गेलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पहिलं पात्र तरी कागदावर, पेन्सिलीने घडवावं, या लेखकांच्या आग्रहाला माझा पाठिंबा आहे.

मराठी वाचकापुढे हे पुस्तक येऊ शकलं त्यामागे एक कोरडी कायदेशीर घटना आहे. जानेवारी २०२३मध्ये पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं की कुणीही तो अनुवादित करावा, बदलावा, विकावा. तोवर आपल्याकडे खेळ चालायचा तो इंग्रजी पुस्तक आणि मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडी बोलणं असा. पुण्या-मुंबईच्या बोर्डगेम कॅफेंत आजही तसाच चालतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण तिथे टेबल मिळतं तीन-चार तासांसाठी. त्यातला दीड तास शीट भरण्यात गेला तर पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून लेखकांनी परिशिष्टात सहा तयार पात्रं दिली आहेत, प्रत्येकात दोनच जागा रिकाम्या : नाव, आणि हे पात्र कशाला घाबरतं. ही योजना मला फार आवडली.

एका ठिकाणी माझं लेखकांशी पटत नाही. चौथ्या प्रकरणात त्यांनी पात्राच्या भूतकाळावर वीस प्रश्न दिले आहेत आणि ते पहिल्या सेशनच्या आधी सोडवायला सांगितले आहेत. अशी प्रथा जुनी आहे. 'लीजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज'च्या अलीकडच्या आवृत्तीत तर पात्र घडतं तेच वीस प्रश्नांतून. प्रश्न उत्तम आहेत. पण टेबलावर पाऊल न ठेवलेल्या माणसाला आपलं पात्र आईशी कसं वागतं हे कुठून कळणार? त्यातले तीन आधी सोडवा, बाकीचे दोन-तीन सेशन खेळून झाल्यावर. तोवर उत्तरं बदललेली असतात आणि नवी उत्तरं बहुधा सरस असतात.

वाचकांना दोन सूचना. या खेळात अगदी नवीन असाल तर पहिली तीन प्रकरणं बाजूला ठेवा, परिशिष्टातलं एक पात्र उचला, आधी खेळा आणि मग मागे येऊन वाचा. गेम मास्टर असाल तर दुसरं प्रकरण सोडू नका. तुमच्या टेबलावरचा कोण कुठे कंटाळतो हे ओळखायच्या खुणा तिथे आहेत. शेवटच्या चार पानांवर कोऱ्या शीट छापल्या आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढायला लेखकांची आणि प्रकाशकांची परवानगी आहे, तेव्हा पुस्तकात थेट लिहू नका आणि भरपूर प्रती काढून ठेवा. पहिलं पात्र मरेलच.